काळी माती भिंतीला लावली तेव्हा

मला मदत केली ती भाजीवाल्या काकूंनी. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा मी माझ्या काळज्या सांगायला लागले की काकू मागेच राहून जातील, आणि तसं व्हायला नको. शेलूबाजारला आम्ही भाड्याने राहतो त्या खोलीच्या मागे त्यांचा मळा आहे. वांगी, मेथी, टमाटे पिकवतात आणि हातगाडीवर घालून बाजारात नेऊन विकतात. साठीच्या आसपासच्या, कमरेला पदर खोचलेला, आवाज असा की विहिरीपलीकडून बोलल्या तरी माझ्या चुलीपाशी ऐकू येतं. त्या नसत्या तर माझी मुलगी आज माझ्याजवळ नसती.

माझं गाव कोकणात. इथून तिकडे जायचं तर अकोल्यापर्यंत बस, तिथून रेल्वे, मग पुन्हा एसटी, असे दोन दिवस जातात. नवरा रस्त्याच्या कामावर खोदकामाचं मशीन चालवतो, त्या कामापायी आम्ही इकडे आलो. आधी कामाच्या जागेवरच पत्र्याच्या शेडमध्ये होतो. तिथल्या उन्हाळ्यात मुलगी आजारी पडली, अंगावर घामोळ्यांचे फोड, पोटात पाणी ठरेना. सासूबाई आल्या आणि तिला घेऊन गेल्या. मी नको म्हटलं नाही. तेव्हा ती तीन वर्षांची होती. पुढे आम्ही ही खोली घेतली, पण ती तिकडेच राहिली. फोनवर माझ्याशी दोन शब्द बोलायची आणि खेळायला पळायची.

यंदा ती पहिलीत जाणार होती. सासूबाईंनी मे महिन्याच्या सुरुवातीला फोन करून सांगितलं की सुट्टीत तिला घेऊन येते, चार दिवस राहते, पोर राहू शकेल असं घर दिसलं तर तिथे ठेवते, नाहीतर गावच्या शाळेत नाव घालते. त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. शेड त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पण मला कळत होतं की एकदा गावच्या शाळेत नाव पडलं की झालं. मी स्वतः सातवीत शाळा सोडली. शाळेचा कागद एकदा एका बाजूला गेला की माणूसही त्या बाजूलाच जातं, हे मला माहीत आहे.

आमची खोली विटांची, आतून गिलावा नसलेली. विटांच्या फटींतून सिमेंट बाहेर आलेलं, हात लागला तर खरचटायचं, आणि फटीफटीतून पाली. घरमालक चाचांचं कापडाचं दुकान आहे. ते म्हणाले होते, पुढच्या वर्षी गिलावा करू, तोवर तुम्हाला हवं ते करा, फक्त खिळे ठोकू नका. एकदा व्हिडिओ कॉलवर बोलताना फोन माझ्या हातात फिरला आणि ती भिंत सासूबाईंना दिसली. त्यांनी लगेच फोन नातीकडे दिला. तेवढं मला दिवसभर पुरलं.

मग मी मोबाइलवर कमी पैशात घर सजवायचे व्हिडिओ बघायला लागले. बाटल्या रंगवायच्या, दोऱ्यांची तोरणं करायची. बघता बघता लक्षात आलं की या सगळ्या लोकांकडे पांढरी सरळ भिंत आधीच असते. त्यांचं घर जिथून सुरू होतं तिथपर्यंत पोचायचंच माझं राहिलं होतं.

तरी जमेल ते केलं. लग्नातली जरीची साडी विटलेली होती, तिचे पडदे शिवले. चाचांनी दुकानातले उरलेले कापडाचे तुकडे पिशवीभर दिले, पैसे घेतले नाहीत. सोयाबीनचं रिकामं पोतं उसवून, धुवून, त्याला त्या तुकड्यांची किनार लावली, चटई झाली. तेलाच्या डब्यात मोगरा लावला. वेताची टोपली उलटी करून दिव्यावर टांगली. नवरा उंच, रोज त्याचं डोकं टोपलीला लागायचं. ट्रंक मी दिवसातून चारदा हलवायचे. कधी खिडकीखाली, कधी दाराजवळ. तो कामावरून येऊन अडखळायचा आणि म्हणायचा, आज ट्रंक कुठे आहे तेवढं फोन करून कळवत जा. मला हसू यायचं नाही. माझे हात थांबत नव्हते.

भिंतींचं काय करायचं ते मला एका सकाळी सुचलं, आणि इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले. आमच्या गावी भिंत आणि जमीन दरवर्षी मातीनेच तर लिंपतात. तांबडी माती आणायची, शेण घालायचं, हाताने सारवायचं. मी लहानपणापासून करत आले आहे. काकूंकडे जाऊन माती मागितली. त्यांना वाटलं कुंड्यांसाठी हवी असेल, बांधावरून हवी तेवढी ने म्हणाल्या. कशासाठी ते मी सांगितलं नाही. आमची भिंत उघडी आहे हे बोलायला मला लाज वाटायची.

इथली माती काळी. भिजवली की लोण्यासारखी. दोन भिंती लिंपायला दीड दिवस गेला. ओली असताना ती अशी चमकत होती की घासलेला दगड वाटावा. त्यावर पिवळे पडदे काय खुलले! मी फोटो काढून सासूबाईंना पाठवला. त्यांचा नुसता अंगठा आला, पण मी तो तीनदा पाहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी करत होते. मागे काहीतरी तडकल्यासारखा आवाज आला. वळून पाहिलं तर भिंतीवर केसाएवढी रेघ. मी पाण्याचा हात फिरवला. ती मिटली आणि शेजारी दुसरी निघाली. संध्याकाळपर्यंत भेगांत बोट जाऊ लागलं. मग खपल्या सुटल्या. एक मोठी खपली नव्या चटईवर पडून फुटली. सासूबाई यायला पाच दिवस होते.

नवरा म्हणाला, वरून कापड लावू. पण खिळे ठोकायचे नव्हते, आणि कापडामागून माती पडतच राहिली असती. मी दारात बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी काकू वांगी द्यायला आल्या. दारातून आत पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि हसता हसता उंबऱ्यावरच बसल्या.

"बाप्पा, भिताडाचं वावर करून टाकलं हिनं! आता तूर पेर वं, पीक चांगलं येईन."

मी रडायलाच लागले. मग त्यांनी विचारलं, कोण येऊन राह्यलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. शेड, आजारपण, पहिलीचं नाव, सासूबाईंनी काय म्हटलं ते. इथे आल्यापासून मी कोणालाच हे सांगितलं नव्हतं. काकूंचं हसू थांबलं होतं.

"मंग मले काहून नाई इचारलं?" त्या म्हणाल्या. "हे माती पिकाची हाये, भिताडाची नोहय. उन्हात इथलं वावर कसं फाटते ते पाह्यलं नाई का तू?"

पाहिलं होतं. रोज पाहत होते. पण शेतातली भेग आणि भिंत यांची सांगड माझ्या डोक्यात घातली गेली नव्हती. आमची तांबडी माती अशी वागत नाही. माती म्हणजे माती, असंच मी धरून चालले होते.

पुढच्या दिवशी बाजार होता. तरी सकाळी काकूंची हातगाडी बाजाराकडे न जाता आमच्या दाराशी आली. गाडीवर भाजी नव्हती, पोती होती. त्यांत पांढरट, भुरी माती. गावठाणातली, जुन्या घरांची पांढरी माती, त्यांनी सांगितलं. मी बाजाराचं विचारलं तर म्हणाल्या, वांगी एक दिवस झाडावर राहिली तर मरत नाहीत.

आम्ही काळी माती खरवडून परत मळ्यात टाकली. विटा पाण्याने भिजवल्या. पांढऱ्या मातीत गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, आणि शेण घालून ती अंगणात पसरली आणि मी पायाने तुडवायला लागले. काकू उंबऱ्यावर बसून हुकूम सोडत होत्या. मी मध्येच थांबले की टोमणा यायचा. सातवी शिकली म्हनते, इतकं तर आमची म्हैस न शिकता तुडवते. येणारे-जाणारे थांबून बघत होते. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

लिंपायला मात्र त्या स्वतः उठल्या. तळहात अर्ध्या गोलात फिरवायच्या, खालून वर, एकावर एक. भिंतीवर त्या हाताच्या लाटा तशाच राहिल्या. कोपरे धारदार न ठेवता गोल केले. खिडकीखाली दोन विटा सुटल्या होत्या, ती फट मी बुजवायला निघाले तर त्यांनी हात धरला. पोरगी केवढी आहे विचारलं. मी हाताने उंची दाखवली. त्यांनी त्या फटीचा कोनाडा केला, तिचा हात पोचेल असा, आणि बोटं दाबून त्याला काठ काढला. वाळल्यावर चाचांच्या उरलेल्या चुन्यात चिमूटभर नीळ घालून मी सगळ्यावर हात दिला. खोली थंड लागायला लागली. फक्त दाराकडची भिंत अर्धी राहिली. माती संपली होती.

सासूबाई आल्या त्या दिवशी मी पहाटेपासून उभीच होते. मुलगी त्यांचा पदर धरून आत आली आणि माझ्याकडे पाहुणीकडे पाहावं तसं पाहिलं. मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती आजीच्या मागे झाली. सासूबाई पाणी प्यायल्या, मग भिंतीवर तळहात ठेवला, हाताचा वास घेतला. शेवटी अर्ध्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, ही अशी का? माती संपली, मी सांगितलं. माती कुठली, त्यांनी विचारलं. जन्मभर माती लिंपलेली बाई, तिला पांढरी माती बघायची होती.

मी त्यांना काकूंच्या घरी नेलं. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर, एकीचं बोलणं दुसरीला कळेना, मध्ये मी. शेण किती घातलं यावरून त्यांचा वाद झाला, त्यातल्या कानपिचक्या मी दोन्हीकडून गाळूनच सांगत होते. मग सासूबाईंनी मातीचा ढीग दाखवा म्हटलं. काकू नको नको म्हणत होत्या. मागच्या अंगणात गेलो तेव्हा कळलं. ढीग उरला नव्हता, घमेलंभर माती होती. शेजारी काकूंची झोपायची खोली, तिची एक बाजू ढासळलेली, तिथे तुरीच्या काड्यांचा कुड, म्हणजे आडोसा, उभा करून पोती बांधली होती. माती त्यांच्या जुन्या पडक्या घराची होती. ही खोली नीट करायची म्हणून दोन वर्षं जपून ठेवलेली.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं, विचार तिला. मी विचारलं, काकू, तुमची भिंत सोडून आम्हाला कशाला दिली?

काकू काड्यांचा कुड नीट करत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "मह्या भिताडाले कोन पाह्याले येऊन राह्यलं? तुह्या घरी तं लेक येनार होती."

हे सासूबाईंना समजावून सांगायची गरज पडली नाही.

पुढचे दोन दिवस मी चहा करताना सासूबाईंच्या चेहऱ्याकडे, भांडी घासताना त्यांच्या पिशवीकडे बघत होते. मुलीचे कपडे त्यांनी पिशवीतून बाहेर काढले नव्हते. ट्रंक मी आणखी एकदा हलवली. मुलगी कोनाड्यात खडे भरायची, काढायची, पुन्हा भरायची. मी शेजारी बसले की थांबायची.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी पिशवी उघडली आणि तिचे कपडे चटईवर ठेवले. आमच्याकडे मुलीला चेडू म्हणतात. त्या म्हणाल्या, "चेडवाक हंयच ठेव. आपली भित तशीच ठेवन दुसऱ्याक माती दिणारा माणूस शेजारी आसा. माका आता भय नाय."

गाडीत बसताना त्यांनी नातीकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर नेलं असतं, असं मला वाटतं. मी त्यांच्या पाया पडले. तीन वर्षं त्यांनी तिला वाढवलं, हेही मी विसरणार नाही.

मुलगी तीन दिवस आजीसाठी रडली. चौथ्या दिवशी भूक लागली म्हणून माझ्याकडे आली, पण मला काय म्हणून हाक मारायची ते तिचं ठरत नव्हतं. आता ती इथल्या शाळेत जाते. दप्तर भरताना मी तिची वह्या-पुस्तकं दोनदा मोजते, फॉर्मवर सही करण्याआधी तो शेवटपर्यंत वाचते. शाळा सुटायच्या अर्धा तास आधी मी फाटकाशी जाऊन उभी राहते. बाहेर पडली की ती आधी इकडेतिकडे बघते. मग मी दिसते.

काकूंची खोली अजून तशीच आहे. गावठाणात आता कोणी माती खणू देत नाही. नवरा मशीन घेऊन जिथे जातो, केनवडपर्यंत गेला तरी, जुनं मातीचं घर पडतंय का विचारत राहतो. दोनदा माती मिळता मिळता राहिली. मी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुले दुसरा काही धंदा नाई काय. पण आम्ही विचारायचं सोडणार नाही. काकू, माती मिळेल तेव्हा तुमच्या खोलीची ती बाजू मी माझ्या हाताने लिंपून देईन, तुम्ही उंबऱ्यावर बसून हुकूम सोडा. आणि मिळायला उशीर झाला तर माझी मुलगी लिंपेल, तिला मी शिकवून ठेवते आहे.