नववीतली वाचक

मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते. ब्लॉगवर हे एकदा कबूल केलं, तेव्हा लोकांनी मला जवळजवळ वाळीतच टाकलं. पंचेचाळिशी उलटलेली बाई कुमारवयाच्या मुलांच्या कादंबऱ्या वाचते, त्यांवर हिरिरीनं लिहिते, हे त्यांनी कसंबसं पचवलं होतं. पण शेवट आधी वाचणं म्हणजे फारच झालं. मी काय करू? मला उभ्यानं वाचायची सवय आहे, हातात पेन्सिल लागते आणि शेवट आधी लागतो. पान दुमडणाऱ्या माणसाला मी पुस्तक देत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

माझी मतंही अशीच आडमुठी आहेत. ज्या कादंबरीत प्रेमळ मावशी सातव्या प्रकरणात येऊन जगण्याचं सार सांगते, ती मी तिथंच मिटते. जिच्यात चौदा वर्षांची मुलगी पानभर चाळिशीच्या बाईसारखा विचार करते आणि लेखकाला अचानक आठवण झाली म्हणून मध्येच चिंचा खाते, तीही. भुताच्या गोष्टीतलं भूत शेवटी वाऱ्यानं हलणारा पडदा निघालं, की लेखकाची गचांडी धरावीशी वाटते. एका गोष्टीवर मात्र मी कधी लिहीत नाही. आजारी मुलगी शेवटी बरी होते, अशा कादंबरीवर मी मत देत नाही. वाचकांनी खूपदा कारण विचारलं. ते आज सांगते.

नव्वदच्या दशकात आम्ही भिंगारला राहायला आलो. वडील नागापूरला कारखान्यात पाळीवर जायचे. घर दोन खोल्यांचं, आणि मी आठवीतली, तोंडाळ, शाळेत नवी. बाजारातल्या एका अरुंद गाळ्यात एक वाचनालय होतं. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक ते चालवायचे. सगळे त्यांना सर म्हणायचे. फळ्यांचं दार, आत तीन भिंतींना कपाटं, सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं. कुमार कादंबऱ्यांचा एकच कप्पा होता, आतल्या कोपऱ्यात, जिथं दिवसाही दिवा लावावा लागायचा. लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की कपाटांच्या काचा बारीक थरथरायच्या. कुणी त्याकडे लक्ष द्यायचं नाही.

खाकी कव्हरांमुळे एक पद्धत पडून गेली होती. सगळी पुस्तकं सारखीच दिसायची आणि नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून प्रत्येक सभासद आपलं एक पान ठरवून त्यावर बारीकशी खूण करायचा. कुणाची अकराव्या पानावर फुली, कुणाचं बावन्नाव्या पानावर टिंब. बायका कपाटापाशी उभ्या राहून नेमकं आपलं पान उघडायच्या आणि 'वाचलंय' म्हणत पुस्तक परत ठेवायच्या. सर रागवत नसत. मी सत्ताविसावं पान घेतलं आणि त्रिकोण काढायला लागले.

महिनाभरात माझ्या लक्षात आलं, की त्या कप्प्यातल्या प्रत्येक पुस्तकात एकतिसाव्या पानावर चार रेघांचा एक मासा आहे. आणि शेवटच्या पानावर, कादंबरी संपते तिथं खाली, पेन्सिलीनं दोन-तीन ओळी. अक्षर गोल, शाळकरी मुलीचं, जरा उजवीकडे झुकलेलं. 'शेवट गोड केलाय. लेखकाला भीती वाटली असणार.' 'हा मुलगा शूर नाही, नुसता मोठ्यानं बोलतो.' मी शेवट आधी वाचणारी, त्यामुळे पुस्तकाच्या आधी मला तिचं मत भेटायचं. मग सगळी कादंबरी कुणीतरी मागं उभं राहून वाचतंय असं वाटत राहायचं. पहिल्यांदा मला राग आला. माझ्या मनात यायची ती वाक्यं हिनं आधीच लिहून ठेवलेली असायची.

मी खाली उत्तर लिहिलं. 'तो शूर आहे. तुला मुलं आवडत नाहीत वाटतं.' पुस्तक परत केलं, आठवड्यानं कपाटापाशी उभी राहून तेच उघडलं. माझ्या ओळीखाली लिहिलं होतं : 'तुला आवडतात वाटतं.' मी तिथंच हसले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा शिक्का मारायला लागले.

त्यानंतर मला घरी सांगावंसं वाटेल असं दुसरं काही उरलंच नाही. वर्गात मैत्रिणी झाल्या होत्या, पण पुस्तकावरून भांडणारी एकही नव्हती. ही होती. एकदा सरांना विचारलं, ही माशाची खूण कुणाची? ते म्हणाले, आहे एक, नववीत आहे. कुठल्या शाळेत, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही चिकाटीची, दोन शनिवार दारासमोरच्या ओट्यावर पाळत ठेवून बसले. त्या कप्प्याकडे माझ्याशिवाय कुणीच गेलं नाही.

मग एके दिवशी सरांनी नगरहून नवीन पुस्तकं आणली. गठ्ठा माझ्यासमोर आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पहिली गेले. मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पुस्तक नेणाऱ्यांचे सभासद क्रमांक असायचे. चिठ्ठी कोरी होती. एकतिसाव्या पानावर मासा होता. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'तुला ही नाही आवडणार. पण घे.' मी चिठ्ठी पुन्हा एकदा तपासली. तरी मी ती कादंबरी नेली, आणि खरंच नाही आवडली.

मी नववीत गेले. तिनं एका पानावर लिहिलं होतं, 'उद्या गणिताचा पेपर. आमच्या नववीचं गणित म्हणजे छळ आहे.' मला वाटलं नापास झाली बिचारी, आणि मी तिला त्यावरून बरंच चिडवलं. मी दहावीत गेले. सरांना पुन्हा विचारलं, ती आता कितवीत? नववीत, ते म्हणाले. वर न बघता, हजेरी घेतल्यासारखं.

याच सुमारास मला एक गोष्ट खुपायला लागली. मी बदलत होते. पूर्वी डोळ्यांत पाणी आणणारी पुस्तकं आता बाळबोध वाटत होती. तिची मतं मात्र जिथल्या तिथं होती. तोच चुणचुणीतपणा, तेच 'लेखक घाबरट आहे'. तीन वर्षांत तिला एकही नवा शब्द सुचला नव्हता. आधी ती माझ्या पुढे होती, मग बरोबरीला आली, आणि आता मी तिला मागं टाकून चालले होते. मैत्रीण अशी एकाच जागी थिजलेली बघून मला भीती वाटायला हवी होती. मला नुसता राग आला. त्या वयात सोळा वर्षांच्या मुलीइतकं दुष्ट कुणी नसतं.

ती कादंबरी एका आजारी मुलीची होती. ताप, दवाखाना, घरच्यांची धावपळ, आणि शेवटी मुलगी बरी होऊन शाळेत जाते. खाली तिनं लिहिलं होतं : 'ती बरी झाली. असंच व्हायला पाहिजे. मला हे पुस्तक सगळ्यांत जास्त आवडलं.' मी पेन्सिल दाबून लिहिलं : 'हे मत झालं? इतक्या तापातून कुणी वाचत नसतं. खरी असती तर पन्नासाव्या पानावरच मेली असती. तू तीन वर्षं नववीत का आहेस ते आत्ता कळलं.' आणि मोठा तीर मारल्याच्या आनंदात पुस्तक परत केलं.

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. ते पुस्तक कपाटातच नव्हतं. नवीन आलेल्या पुस्तकांत एकतिसावं पान कोरं. शेवटची पानंही कोरी. सर माझ्याशी नेहमीसारखेच वागत होते, पण शिक्का मारताना हात जरा थांबायचा. मी कोऱ्या पानांवर लिहून पाहिलं, 'रागावलीस का?', 'मी चुकले'. त्याखाली काहीच उमटलं नाही. ती कायमची गेली या विचारानं मी ताटावरून अर्धपोटीच उठायचे. आईला वाटलं अभ्यासाचा ताण आहे.

दुपारी वाचनालय बंद असायचं. एकदा शाळा लवकर सुटली, आणि मी उघडायची वेळ होईपर्यंत थांबू म्हणून गाळ्यापाशी आले. बाजार सुस्तावलेला. वीज गेलेली. दाराच्या फळ्या लावलेल्या होत्या, पण आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी फटीला डोळा लावला.

सर टेबलाशी बसले होते. झरोक्यातून येणारा उजेड नेमका टेबलावर पडला होता. समोर ते पुस्तक, शेवटचं पान उघडलेलं, माझ्या दाबून लिहिलेल्या ओळी फटीतूनही ओळखू येत होत्या. शेजारी एक जुनी शाळेची वही. सर वहीतलं एक अक्षर बोटानं दाबून बघायचे, मग पुस्तकात तसंच, गोल, उजवीकडे झुकलेलं, सावकाश काढायचे. दोन शब्द झाले की थांबायचे. मग समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून त्यांनी विचारलं, "काय लिवायचं गं हिला?"

वर्गात आयुष्यभर शुद्ध बोललेला माणूस घरच्या बोलीत बोलत होता. विचारून त्यांनी मान जरा कलती केली आणि ते थांबले, माणूस उत्तर ऐकायला थांबतो तेवढाच वेळ. मग मान हलवली, लिहिलं, वाचलं, आणि खोडरबर उचललं. "न्हाई," ते म्हणाले, "असं तू म्हननार न्हाईस." ते पान इतकं घासलं गेलं होतं, की मला बाहेरूनही पलीकडचा उजेड दिसत होता.

मी घरी कशी आले, आठवत नाही. आईला विचारलं, वाचनालयातल्या सरांना मुलगी आहे का? आई भाकरी थापत होती. तिला नळावरच्या बायकांकडून सगळं कळायचं. "व्हती की," ती म्हणाली. "एकच व्हती. नववीत असताना तापानं गेली. आपुन हितं यायच्या लई आधी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "का गं? अशी पांढरी का पडलीस?"

दुसऱ्या दिवशी मी वाचनालय उघडायच्या वेळेलाच गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. मी एवढंच म्हणाले की सर, त्या पुस्तकात ते मी लिहिलंय. त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. तुझं अक्षर मी पहिल्या दिवसापासून ओळखतो, म्हणाले. मग टेबलाकडे बघत म्हणाले, "तुझं बरोबर आहे. इतक्या तापातून नाही वाचत कुणी."

मला रडू फुटलं. त्यांनी माझं रडणं संपू दिलं. मग सांगितलं, की मुलीला वाचायचं वेड होतं, खूण तिचीच, आणि कप्प्यातल्या जुन्या पुस्तकांतली मतंही तिच्या हातची. ती गेल्यावर नवीन पुस्तकं आली, तर ती तिच्या खुणेशिवाय कपाटात ठेवायला त्यांचा हात धजेना. म्हणून ते आधी स्वतः वाचायचे. तिच्या वह्या होत्या, बोलणं कानांत होतं, ती काय म्हणेल ते अचूक कळायचं. मी लिहायला लागल्यावर तर तिला बोलायला कुणीतरी मिळालं, असं त्यांना वाटलं.

"पण मला नववीपर्यंतचंच येतं," ते म्हणाले. "पुढची ती मला माहीतच नाही. तू आता मोठी झालीस. तू सांग. आत्ता असती, तर तिनं काय वाचलं असतं?"

पुस्तकांबद्दल मला पुढं हजारो लोकांनी हजार प्रश्न विचारले, पण इतका अवघड कुणी विचारला नाही. कपाटातली दोन-चार चांगली नावं घेऊन मी सुटले असते. पण त्या माणसाशी मी एकदा निर्दयपणे खरं बोलले होते. आता खोटं बोलणं मला जमेना.

"तिनं तुम्हाला सांगितलंच नसतं सर," मी म्हणाले. "लपवून वाचलं असतं."

रेंजवर तोफ उडाली. काचा थरथरल्या आणि शांत झाल्या. सरांनी विचारलं, तू लपवून वाचतेस? मी हो म्हणाले. कुणापासून? पप्पांपासून, मी म्हणाले. मारतात का? नाही, कधीच नाही. मग का? मी कपाटाच्या काचेवर बोट फिरवत राहिले. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं, पण मुलगी परस्पर काहीतरी करतेय हे कळल्यावर बापाचा चेहरा होतो, तसा तो झाला होता. जरा दुखावलेला, जरा कौतुकाचा.

"मग मी इथं बसून कसं चालेल," ते म्हणाले.

त्यांनी खुर्ची उचलली आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवली, रस्त्याकडे तोंड करून. जाताना वळून कोपऱ्यातल्या कप्प्याकडे बघत, माझ्याकडे नव्हे, म्हणाले, "अर्धा तास हं." मी आत एकटीच उरले. एकटीच होते का, ते मी बघितलं नाही. मान खाली घालून बाहेर आले.

त्या दिवसापासून रोज पाच वाजता सर खुर्ची बाहेर घ्यायचे. पुस्तकावर पुन्हा कधी मत उमटलं नाही. त्या अर्ध्या तासात कुणी पुस्तक बदलायला आलं, की सर हात आडवा करून हळूच म्हणायचे, "जरा थांबा, आत आहे." कोण आहे, असं भिंगारात एकानंही विचारलं नाही. बायका पिशव्या खाली ठेवायच्या, भाजीचे भाव बोलत उभ्या राहायच्या. मीही त्यांच्यात थांबायचे, हातातलं पुस्तक न उघडता, दाराकडे पाठ करून.