राग कधीच न येणारा

अगं पोरी, ऐक जरा. फोनवर कधीही विचारलं तरी तुझं आपलं ठरलेलं, ‘मी मजेत!’ त्यावरून चाकणच्या स्टॉपवर भेटलेला तो इस्त्रीच्या शर्टातला गडी आठवला. त्याची नोकरी सुटलेली, आणि नव्या कंपनीने मोबाईलवर स्वभावाची परीक्षा पाठवलेली. ‘तुम्हाला राग येतो का?’ त्याने ‘कधीच नाही’ दाबलं. तेवढ्यात ट्रकने हॉर्न वाजवला.

“ए, डोकं फिरलंय का?” तो ट्रकवाल्यावर असा खेकसला, की माझी टोमॅटोची पिशवीच पडली.

मी हसले. तो कान पकडून म्हणाला, “मावशी, सगळे हेच दाबतात. मी खरं लिहिलं तर अख्ख्या कंपनीत रागीट मी एकटाच! मग घेतील का?”

टोमॅटो मात्र त्यानेच वाकून वाकून वेचून दिले. ते त्या परीक्षेत कुठे दिसायचं? तेव्हा तुझं ‘मजेत’ राहू दे, लवकर घरी ये. मी तोंड बघून ठरवीन.