‘थांब’ म्हटलं की थांबणारा सिनेमा

किस्से गोळा करावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या सेंटरवर यावं. वर्ध्याला लागून पिपरी मेघे आहे, तिथं एका घराच्या खालच्या मजल्यावर आमचं डे-केअर सेंटर चालतं. मनाच्या आजारातून सावरणारी माणसं सकाळी डबा घेऊन येतात, कापसाच्या वाती वळतात, गप्पा मारतात, गोळ्या घेतात आणि संध्याकाळी घरी जातात. मी तिथली कौन्सेलर. घरी गेले की नवरा विचारतो, "आज काय झालं?" आणि फोडणी करपली तरी माझं सांगणं संपत नाही! त्यातही शनिवारचे किस्से वेगळेच, कारण शनिवारी आमच्याकडे सिनेमा असतो.

तो सुरू कसा झाला तेही ऐका. आधी डॉक्टरांनी बजावलं होतं, देवाधर्माचे लावा, विनोदी लावा, पण ‘वेडे’ असलेला सिनेमा नको, पेशंटना त्रास होईल. ते ऐकून बंडूभाऊ उठले. बंडूभाऊ अल्लीपूरचे शेतकरी. कधी त्यांना असा उत्साह चढायचा की सगळ्या गावाला जेवायला बोलावून यायचे, आणि कधी अंथरुणातून उठवायचं नाही. आता गोळ्यांनी गाडी रुळावर आहे.

"मॅडम, आमच्यावर पिक्चर काढतेत, सारा गाव पाह्यते, अन् आमीच पाहाचा नाई? हे काऊन?"

डॉक्टर तयार झाले. शेवटी एक नियम ठरला. कुणीही "थांब" म्हटलं की सिनेमा तिथल्या तिथं थांबवायचा, आणि ज्यानं थांबवला त्यानं बोलायचं. रिमोट अर्थातच बंडूभाऊंकडे. एक सिनेमा संपायला आम्हाला कितीतरी शनिवार लागतात, आता बोला!

* * *

पहिल्याच सिनेमात शॉकचा सीन निघाला. दांडगे लोक हिरोला पलंगाला बांधतात, डोक्याला तारा लावतात, दुष्ट डॉक्टर खटका ओढतो, हिरो किंचाळतो आणि अख्ख्या इमारतीचे दिवे फडफडतात.

"थांब!" बंडूभाऊंनी स्वतःच आरोळी ठोकली नि स्वतःच थांबवला.

"मले शॉक देल्ले तवा भुलीचं इंजेक्शन देल्लं. झोपलो अन् उठलो. उठल्यावर पयले म्हटलं, चहा आणा! गावातली लाइन नोती गेली. तशी ते रोजच जाते, पण माह्यानं नाई."

शेजारी मेश्रामकाका बसले होते. काका लाइट ऑफिसातून रिटायर झालेले लाइनमन. ते फार कमी बोलतात. त्यांनी चष्मा वर करून पडदा नीट पाहिला आणि म्हणाले, "बिल्डिंगची वायरिंग खराब हाय. पेशंटले कायले बदनाम करता?"

ज्या इलाजाचं नाव काढलं की नातेवाईक खुर्चीतून उठून निघून जातात, त्या इलाजावर तो घेतलेली माणसं पोट धरून हसत होती.

* * *

पुढच्या सिनेमात हिरोइनच्या डोक्यावर नारळ पडतो आणि ती वेडी होते. शेवटी ती जिन्यावरून पडते, डोकं पुन्हा आपटतं आणि ती ठणठणीत बरी!

कुणी थांब म्हणालं नाही. मला वाटलं, चला, सुटलो.

दुपारी गोळ्यांची वेळ झाली. मी पाण्याचे ग्लास भरून आणले तर मेश्रामकाका स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता घेऊन बसलेले.

"काका, हे काय?"

"दुपारचा डोज," काका म्हणाले. "एवढी वर्सं गोळ्या कायले चारल्या व मॅडम? एक टोला देऊन मोकळं करायचं ना!"

गोळी मात्र त्यांनी लगेच घेतली. बत्ता मी कपाटात ठेवला, किल्ली लावून!

* * *

मेश्रामकाकांचाच आणखी एक. सिनेमात एका माणसाला कानात आवाज ऐकू येतात. आवाज म्हणतो, "मार," की हा निघाला सुरा घेऊन. काकांना कितीतरी वर्षांपासून आवाज ऐकू येतो. औषधानं तो हळू झालाय, गेलेला नाही. ते काय म्हणतील म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

"थांब," काका शांतपणे म्हणाले. "याचा आवाज लय डेरिंगबाज हाय. माह्याले नाई एवढी हिंमत. तो मले म्हणते, गॅस चालू राह्यला, पाहून ये. मी उठतो, गॅस पाह्यतो, पुन्हा झोपतो. माह्या हातानं आजवर एक कोंबडी नाई मेली."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, आत्ताही बोलतोय तो?"

"हो."

"काय म्हणतोय?"

"म्हणते, या मॅडमले जास्त सांगू नको."

सगळे हसले, काकाही हसले. मी मात्र त्या दिवशी त्यांच्याकडे परत परत पाहत होते. कानाशी अखंड कुणीतरी बोलतंय आणि हा माणूस त्यातून वाट काढत आमच्याशी बोलतोय, वाती वळतोय, वर विनोद करतोय! मला तर टीव्ही चालू असला की फोनवर बोलता येत नाही.

* * *

एकदा आमची सहल निघाली. जाम गावाच्या चौकात चहाला गाडी थांबवली. एवढी माणसं उतरलेली पाहून चहावाल्यानं बंडूभाऊंना विचारलं, "कुठली मंडळी व भाऊ?"

"पिपरी मेघेची. दर शनवारी पिक्चर पाहून त्याच्यातल्या चुका काढतो आमी."

"हौ काय! मले वाटलं मेंटल लोकाइची गाडी हाय."

"नाई नाई," बंडूभाऊ बशीत चहा ओतत म्हणाले. "ते पिक्चर काढतेत. आमी फक्त पाह्यतो."

* * *

आता सुनंदाचं सांगते. सुनंदा तिशीतली, बाळंतपणानंतर आजारी पडली. औषधं सुरू आहेत, तब्येत छान आहे, पण राहते माहेरी, इथंच पिपरीत. तिची मुलगी स्वरा दुसरीत आहे. ती अल्लीपूरला आजीकडे, म्हणजे सुनंदाच्या सासूकडे असते.

सुनंदा दाराजवळ बसून वाती वळायची आणि शनिवारी चकार शब्द बोलायची नाही. एक गोष्ट मला खटकायची. तिची वेणी इतकी घट्ट असायची की बघणाऱ्याचं डोकं दुखावं! न्हाल्या दिवशीही ओल्या केसांची तशीच वेणी. मी रागवायचे, "अगं, सर्दी होईल, वाळू दे की!" ती म्हणायची, "नाई मॅडम, असूद्या."

एका शनिवारी सिनेमात ती नेहमीची वेडी बाई आली. पांढरी साडी, मोकळे केस, डोळे वटारलेले, हसत हसत एका लेकराच्या गळ्याकडे हात नेणारी.

"थांब," दाराकडून आवाज आला. सुनंदाचा!

"माह्या पोट्टीनं हेच पाह्यलं," ती म्हणाली. "शेजाऱ्याच्या टीव्हीवर. दिवाळीत ते इथं आलती. सकाळी मी न्हायले, केस मोकळे होते अन् तिले उठवाले वाकले. अशी किंचाळली व मॅडम... तवापासून जवळ येत नाई. आजीच्या मांगं लपते."

बंडूभाऊंनी टीव्हीच बंद केला. त्या दिवशी वाती वळल्या गेल्या नाहीत.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "पोरीले इथं आणू. आपल्यात बसून हा पिक्चर पाहू द्या."

मी साफ नाही म्हटलं. पोर आणखी घाबरली तर? सासू पुन्हा तिला पाठवायची नाही, कायमची तुटेल. डॉक्टरही हो-नाही करत होते. सुनंदा म्हणाली, "आताबी कुठं जवळ हाय?"

मग मीच माघार घेतली. बंडूभाऊ अल्लीपुरात सासूबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले आणि हो म्हणवूनच उठले.

* * *

स्वरा आली. आजीचा पदर घट्ट धरून. सुनंदानं सकाळीच तेल लावून वेणी घातलेली, इतकी ताणून की भुवया वर गेल्या होत्या. तिनं "ये" म्हटलं, पोर आजीला आणखी चिकटली.

बंडूभाऊंनी आजवर रिमोट कुणाच्या हाती दिला नव्हता, डॉक्टरांच्याही नाही. तो त्यांनी स्वराच्या हातात ठेवला.

"भेव वाटलं की हे दाबजो. पिक्चर थांबते. तुह्या मर्जीबिगर चालू होत नाई. पण थांबवला त्यानं बोलायचं, समजलं?"

तिनं मान हलवली. सिनेमा सुरू झाला. ती बाई जिन्यावरून उतरू लागली. केस मोकळे, तेच हसणं. सुनंदाच्या बोटांत वात तशीच राहिली होती, ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती फक्त लेकीकडे बघत होती.

स्वरानं बटण दाबलं.

बाईचा चेहरा पडदाभर थांबला, सगळ्या तोंडावर केस. पोर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग वळून तिनं आईकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे.

"बोल बाई," बंडूभाऊ हळूच म्हणाले. त्यांना एवढं हळू बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

"हिची वेणी कोणी काऊन नाई घालून देत?"

मेश्रामकाकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

सुनंदानं वात खाली ठेवली. हात मागं नेऊन तिनं वेणीचं रबर काढलं, पेड सोडवले आणि सगळे केस पाठीवर मोकळे केले. आमच्यासमोर पहिल्यांदा. सासूबाई अर्ध्या उठल्या, तशाच थबकल्या. मग पुन्हा खाली बसून त्यांनी आपल्या पिशवीत हात घातला, कंगवा काढला आणि नातीपुढं धरला.

स्वरानं रिमोट जमिनीवर ठेवला. कंगवा घेऊन ती आईच्या मागं जाऊन उभी राहिली.

"आई, हालू नको. वाकडी होईन."