पोळीवर उठलेली वेल

कॉम्प्युटर येतो का, असं काकांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मी "हो जी" म्हणालो होतो. त्या दिवशी मला काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. रंधा येतो का, हो जी. पॉलिश येतं का, हो जी. चंद्रपूरच्या पलीकडच्या गावातून, आठवी अर्धी टाकून, एका ठेकेदाराबरोबर मी निघालो होतो. ठेकेदार नगर स्टेशनावर "चहा आणतो" म्हणून गेला, तो अजून चहा आणतोय. चालत चालत भिंगारच्या बाजारात आलो, तिथे लाकडाचा वास आला म्हणून एका कारखान्याच्या दारात उभा राहिलो. आत एक म्हातारे सुतार देव्हाऱ्याची कमान कोरत होते. तेच काका. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आधी जेवायला घातलं आणि मग हे प्रश्न विचारले. जेवण झाल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?

रंधा, पटाशी, पॉलिश पुढे सगळं त्यांनीच शिकवलं. कॉम्प्युटरचा विषय दहा वर्षं निघाला नाही, म्हणून मी विसरलो. काका विसरले नव्हते.

मग काकांचा उजवा हात थरथरायला लागला. पटाशी लाकडाला टेकायच्या आधीच नाचायची. आमचं सगळं काम शिर्डीच्या एका दुकानावर चालायचं. पिशवीत घालून नेता येतील असे छोटे देव्हारे, वर वेलीची कमान. मला सरळ कामं जमतात, वेल जमत नाही. माझी वेल दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखी दिसते. एके दिवशी शिर्डीच्या शेठचा फोन आला. "काका, डावीकडची पानं धष्टपुष्ट, उजवीकडची आजारी. गिऱ्हाईक देवापेक्षा पानं बघतं हो. दोन सारख्या कमानी पाठवा, न्हाईतर पुढचा माल मला दुसरीकडून उचलावा लागंल."

काकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "न्हाई जमलं तर कारखाना बंद करायचा. मी पोरीकडं जाईन नाशिकला."

मी कुठे जाईन ते ते बोलले नाहीत. मला माहीत होतं. गावी माझे सगळे चांगले आहेत, पण माझ्या झोपायच्या कोपऱ्यात आता भावाच्या धानाची पोती आहेत. आणि पोती काय, एकदा बसली की उठत नाहीत.

चार दिवसांनी काकांना कुणीतरी सांगितलं, की कर्जत तालुक्यात एका इंजिनियर पोराकडे कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन आहे. हौसेने घेतलेलं, वापरलेलं, आणि आता विकायचं आहे. सीएनसी राऊटर म्हणतात त्याला.

"पसंती तुझी," काका म्हणाले. "तुला कॉम्प्युटर येतो."

एसटीत मला उलटीसारखं होत राहिलं. काकांना वाटलं गाडी लागली.

वस्तीवर पोचलो तेव्हा लाईट गेलेली होती. मशीन एका खोलीत मधोमध उभं, चौरंगाएवढं, वर आडवी दांडी, आणि दांडीवर लुगडं वाळत घातलेलं. पोराची आई पुढे झाली.

"ह्यो बघा घोडा. न्या एकदाचा. कांदा ठिवायची खोली आडवून बसलाय."

"आई, घोडा नाही. राऊटर."

"व्हय व्हय. चारा न्हाई खात, येवडंच बरंय."

पोरगा मला मशीन समजावू लागला. तीन मोटरी, तीन दिशा, स्क्रू, बेअरिंग. मी मान हलवत होतो. इतकी हलवली की काका कानाशी आले. "काय म्हनतोय?"

"बरोबर म्हणतोय," मी म्हणालो.

"चालू करून दाखवा," काका म्हणाले.

"लाईट चारला येणार."

आमची शेवटची एसटी साडेतीनला होती. मनात म्हटलं, सुटलो. मग लक्षात आलं, सुटलो कुठे, अडकलो. न बघता घेतलं आणि बिघडलेलं निघालं, तर माझ्या एका "हो जी"वर काका नाशिकला जाणार.

"आजवर काय काय केलंत याच्यावर?" मी विचारलं. काहीतरी विचारायला पाहिजे होतं.

पोरगा दांडीवरचं लुगडं बाजूला सारू लागला. आई म्हणाली, "पोळपाट."

"आणि?"

"पोळपाट. गावात लगीन निघालं की आमचा पोळपाट, बारसं असलं की आमचा पोळपाट. आता लोकं आमाला बोलवाया भेत्यात. आन् तेबी सादं न्हाई. कडंनं वेल कोरलीय. पोळी लाटली की पोळीवर वेल उठती. आमचं मालक म्हनलं, पानं खायाला मी शेळी हाय का?"

मालक ओसरीवर बसले होते. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला.

तिने आम्हाला जेवायला वाढलं. माझ्या ताटात पोळी पडली आणि मी घास तोडायचा थांबलो. कडेने खरंच वेल होती. पान, देठ, पान, देठ, भाजल्यामुळे पानांच्या शिरा तांबूस झालेल्या. मी म्हणालो, "काकू, दुसरी पोळी वेगळ्या पोळपाटावर लाटता का?"

"लाटते की. घरात नऊ हायत."

दुसरी आली. मी एक पोळी दुसरीवर ठेवली, उठलो आणि दारातल्या उजेडाला धरली. पानावर पान बसलं, देठावर देठ. डावीकडून पाचव्या पानाचं आणि त्याच्या बरोबर समोरच्या पानाचं टोक तुटलेलं होतं, आणि ते दोन्ही पोळ्यांत तिथेच, तेवढंच तुटलेलं. मला मोटरी कळत नव्हत्या, पण एवढं कळलं, की या घोड्याची चूकसुद्धा सारखी येते. आम्हाला सारखंच तर पाहिजे होतं.

"घ्यायचं, काका."

"पोळी बघून?"

"दोन पोळ्या बघून."

इंजिनियर पोराने कपाळावर हात मारला. "कॉलेजात चार वर्षं गेली माझी. असं टेस्टिंग कुणी शिकवलं नाही."

काकांनी माझ्या हातातल्या दोन्ही पोळ्या घेतल्या, डोळ्यांजवळ नेल्या, बराच वेळ पाहिल्या, आणि मग आमटीत बुडवून खाल्ल्या. व्यवहार ठरला.

आता कॉम्प्युटर. पोराचा जुना कॉम्प्युटर जळाला होता. तो म्हणाला, नवा चालणार नाही, जुना पाहिजे. पूर्वीच्या प्रिंटरची जाड पिन बसायची तसं पंचवीस भोकांचं रुंद तोंड मागे असलं पाहिजे. "जितका जुना तितका चांगला," असं तो म्हणाला आणि मला पहिल्यांदाच या विद्येबद्दल आपुलकी वाटली.

नगरमध्ये दुकानं पालथी घातली.

"सगळ्यात जुना दाखवा," काका म्हणायचे.

"हा बघा, मागच्या वर्षीचा."

"लई नवा हाय. अजून जुना."

"काका, हा पाच वर्षांपूर्वीचा. आता याला कुणी विचारत नाही."

"याची पाठ दाखवा." पाठ पाहून आम्ही निघालो, की मागून हसण्याचा आवाज यायचा. एका दुकानात तर पोराने आम्हाला हात जोडले.

शेवटी तो सापडला आमच्याच मागच्या गल्लीत, पत्रिका करणाऱ्या गुरुजींकडे. कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली, दर दसऱ्याच्या हळदकुंकवाने कडा लाल झालेल्या. मी टेबलाखाली शिरलो. प्रिंटरची पिन काढली आणि भोकं मोजली. पंचवीस. परत मोजली. पंचवीस. मी तिथेच खाली बसून राहिलो, इतकं बरं वाटलं.

गुरुजी म्हणाले, "द्यायला माझी ना नाही. मुलाने नवा आणून ठेवलाय. पण यात साऱ्या पंचक्रोशीच्या पत्रिका आहेत. ज्याच्या गळ्यात बांधायचा त्याच्याशी जुळतं का ते बघायला नको? मशीनची जन्मवेळ आणा."

मला वाटलं थट्टा करतायत. काकांना तसं वाटलं नाही. त्यांनी तिथूनच कर्जतला पोराच्या आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"ताई, मशीन पयल्यांदा कधी चालू केलं, काय ध्यानात हाय का?"

"म्हंजे काय? पयला पोळपाट निघाला आन् तिकडं गाय व्यायली. कालवड झाली. कॅलेंडरवर लिवलंय की. सकाळी डेअरीची गाडी भोंगा वाजवत हुती, म्हंजे सात वाजलं आसतील. दोन-चार मिंटं हिकडं तिकडं."

"कालवडीची वेळ की मशीनची?" गुरुजींनी विचारलं.

"दोगांची एकच की हो!"

कॉम्प्युटरची जन्मवेळ गुरुजींनी त्याच्या पत्र्याच्या झाकणावर कागदावर लिहून चिकटवलेलीच होती. त्यांनी दोन्ही वेळा भरल्या, मी काढलेली पिन परत लावली, आणि प्रिंटर करकरत करकरत कागद बाहेर टाकू लागला. म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःचंच स्थळ स्वतःच बघितलं. गुरुजींनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"एक नाडी."

काकांचा चेहरा उतरला. "काय शांत-बिंत करून भागंल का?"

"एक नाडी म्हणजे एक नाडी. मी स्वतः जुळवून कसा देऊ? उद्या काही झालं तर लोक माझ्याकडे बोट दाखवतील."

 मशीन घेतलेलं, शिर्डीचा शेठ थांबलेला, आणि सगळं एका नाडीवर अडलं. मी घाबरलो की बोलत नाही, पण फार घाबरलो की बोलतो. म्हणालो, "गुरुजी, पण हे लग्न कुठे आहे जी? कॉम्प्युटर सांगणार आणि मशीन करणार. हे मालक आणि नोकर आहेत."

गुरुजींनी चष्मा परत लावला. मग उठले, फडताळातून एक पोथी काढली, पानं उलटली, बोट ठेवून दोनदा वाचलं.

"मालक-नोकरात एक नाडी चालते," ते म्हणाले. "नुसती चालत नाही, उत्तम समजतात." मग जरा रागावूनच, "आधी सांगायचं नाही का? मी आपला लग्न धरून बसलो होतो."

एकच अट घातली. नव्या कॉम्प्युटरची सवय होईपर्यंत गुरुजी पत्रिका छापायला कारखान्यात येणार, प्रिंटरसकट.

इंजिनियर पोरगा टेम्पोतून मशीन घेऊन आला, तासाभरात जोडणी करून दिली आणि पुण्याच्या नोकरीवर निघून गेला. जाताना एक पेन ड्राईव्ह दिला. मी देवाचं नाव घेऊन तो लावला. त्यात एकच नाव होतं. बाकीची डिझाईनं जुन्या कॉम्प्युटरबरोबर जळाली होती, आणि ते विचारायचं मला सुचलं नव्हतं. दोन फळ्या चिकटवून मी चौकोन तयार केला, मशीनवर आवळला, बटण दाबलं. भुसा उडाला, घोडा इकडून तिकडे पळाला, आणि पोळपाट निघाला.

दुसरा चौकोन लावला. पोळपाट निघाला. तिसऱ्यालाही माझा हट्ट होता, की काहीतरी वेगळं निघेल.

काका आले आणि तिसरा उचलून बघू लागले. मी उभा राहिलो. जे दहा वर्षांपूर्वी बोलायला पाहिजे होतं ते बोललो. "काका, मला कॉम्प्युटर येत नाही. तेव्हाही येत नव्हता."

ते पोळपाटाची वेल बोटाने चाचपत होते. "रंधा तरी कुठं येत हुता तुला?" म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा हात थरथरला आणि पोळपाट फरशीवर पडला. मी चिकटवलेला सांधा अजून ओला होता. मधोमध दोन तुकडे झाले. मी चुलीत घालायला एक उचलला, काकांनी दुसरा उचलला आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून शेजारच्या अर्धवट देव्हाऱ्यावर उभा केला. सरळ बाजू खाली, गोल बाजू वर.

आम्ही दोघं बघत राहिलो. अर्ध्या गोलावरून वेल चढत होती आणि पलीकडे उतरत होती.

"मधला भाग काढ," काका हळूच म्हणाले, जणू मोठ्याने बोललं तर तो परत पोळपाट होईल.

मी मधला भाग कापून काढला. कमान झाली. दुसऱ्या अर्ध्याची दुसरी कमान झाली. सांधे सुकवून पुढचे चौकोन लावले, आता मुद्दाम पोळपाटच काढले, आणि मधोमध कापून दोन कमानी शिर्डीला पाठवल्या. शेठचा फोन आला. "काका, जोडी म्हंजे जोडी. फकस्त एक सांगा, प्रत्येकीत एकच पान तुटकं का?"

"ती आमची खूण हाय," काका म्हणाले. "बगून घेत जावा, नकली माल लई आलाय."

आता कारखाना चालू आहे. गुरुजी येतात, आणि त्यांच्या मागे पोरापोरींचे आईबाप येऊन सागाच्या फळ्यांवर बसतात. त्यांच्या कपड्यांना भुसा लागतो. त्यांना तो शुभ वाटतो असं मला वाटतं, कारण कुणी झटकत नाही.

मागच्या आठवड्यात गुरुजींनी मला विचारलं, "तुझी पत्रिका आहे का रे कुठे? जन्मवेळ?"

वेळ कुणाला माहीत नाही. शाळेच्या दाखल्यावर जूनची पहिली तारीख आहे, जी मास्तरांनी अर्ध्या वर्गाला वाटली होती.

"मशीनचं धरलं तसं धरू. या दारात कधी आलास?"

मला सांगता येईना. काका कोपऱ्यातून म्हणाले, "बुधवार हुता. बारा वाजून गेलेलं. मी डबा सोडायच्याच बेतात हुतो." सालही सांगितलं, महिनाही. मी पुढचा चौकोन घासायला घेतला.

गुरुजींनी ते भरलं, काकांच्या पत्रिकेशी लावलं, आणि आता नुसतं छापायचं राहिलं. तेवढ्यात बाहेर कुणी आलं म्हणून ते उठले आणि मी मशीनवर काम लावलं. ते परत आले आणि कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. प्रिंटर लावायचा तर मशीनची पिन काढावी लागते, तोंड एकच. मशीन तेव्हा नेमकं पाचव्या पानात होतं.

"नको गुरुजी!" मी ओरडलो. "आत्ता काढू नका. सगळी वेल जाईल."

गुरुजी दुखावले. "अरे, तुझीच नाडी बघतोय. मला कळतं कॉम्प्युटरमधलं, बारा वर्षं वापरलाय."

"गुरुजी," काका म्हणाले, "हात काढा. ऐका त्याचं. त्याला कॉम्प्युटर येतो."