तळघरातलं कपाट

आमच्या काझिमिरनं बफेलो शहरातली निम्मी तळघरं पालथी घातली असतील. बायको म्हणून माझ्या वाट्याला काय आलं? त्याच्या पँटचे गुडघे. ओल, कोळिष्टकं, काजळी. धुऊन धुऊन जीव विटला माझा.

धंदा घरं तपासण्याचा. कुणी घर विकत घेण्याआधी हा जाणार, छपरापासून गटारापर्यंत बघणार आणि अहवाल देणार. त्याचे नियम दोन. घरमालकाच्या सामानाला हात लावायचा नाही, उघडं दिसतं तेवढंच बघायचं. आणि घर घ्या किंवा घेऊ नका, हे मेलं तरी सांगायचं नाही. "ते ज्याचं त्यानं ठरवायचं," म्हणायचा. आणि लोक तरी काय एकेक! हा खाली भिंतीवर बॅटरी मारत बसलाय आणि घेणारी मंडळी वर सोफा कुठे मावेल ते मोजतायत. खाली या म्हटलं की नाकं मुरडणार. मग पहिल्या पावसात फोन करून ह्यालाच शिव्या घालणार.

आमची लेक रेनाटा पोटुशी होती, भाड्याच्या दोन खोल्यांत राहून कंटाळली होती. कुठलंही घर आवडलं की दुसरा कुणीतरी 'आम्हाला तपासणी नको' असं सांगून ते उचलायचा. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं, ना दोष निघणार, ना भाव पडणार. शेवटी आणखी एक घर आवडलं तेव्हा ती म्हणाली, "आई, या वेळी मीपण तपासणी नको म्हणून लिहून देणार."

"अगं, तुझा बाप काय करतो आयुष्यभर?"

"म्हणून तर! रविवारी ते घर सगळ्यांना बघायला उघडं आहे. बाबा एक चक्कर मारेल की."

रविवारी ही गर्दी. आम्ही तिघं तळघरात उतरलो. तीन भिंती जुन्या, कळकट. चौथी पांढरीशुभ्र, रंगाचा वास अजून येत होता. तिला टेकून एक उंच कपाट, लोणच्याच्या बरण्यांनी भरलेलं. काझिमिर त्याच्यासमोर उभा राहिला तो हलेचना.

"एवढी एकच भिंत रंगवलीय," तो म्हणाला. "मागे बघायला हवं."

"मग बघ ना, बाबा."

"दुसऱ्याचं सामान आहे ते."

"अरे, सरकव की जरासं!" मी वैतागले. "तुला कोण फाशी देणार आहे?"

त्यानं हात खिशात घातले. रेनाटानं त्याची बाही धरली, अगदी लहानपणी धरायची तशी. "बाबा, घेऊ का?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तिथे सगळं लिहिलेलं होतं हो! पण तोंडातून आलं काय, तर "भिंत एकच रंगवलीय. पुढचं तू ठरव."

बाप 'नको' म्हणाला नाही, एवढंच तिनं ऐकलं. घर तिला मिळालं. त्या रात्री स्वयंपाक करताना मी त्याला मनसोक्त बोलून घेतलं. तो जेवला आणि झोपला.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं आणि तिचा फोन आला. आम्ही पोचलो तर तळघरात घोट्यापर्यंत पाणी, बाळाचे नवे कपडे खोक्यांसकट तरंगतायत. जुन्या मालकानं कपाट तिथेच सोडलं होतं. काझिमिरनं ते एकट्यानं ओढलं, बरण्या फुटल्या तरी थांबला नाही. मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा, आणि भिंत पोट सुटल्यासारखी आत आलेली.

रेनाटा बाळाला घेऊन जिन्यात उभी होती. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती दमलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "मी त्या दिवशी घर तपासणाऱ्याला नव्हतं विचारलं, बाबा. तुला विचारलं होतं."

तो पाण्यातून पुढे झाला आणि त्यानं तड्यावर हात ठेवला. मग भिंतीकडेच बघत म्हणाला, "नको घेऊस, बाळा. हे घर नको घेऊस."