सुमनताईंची नदी

सुमनताई मूळच्या धाराशिवकडच्या. लग्न होऊन दापोडीत आल्या आणि रेल्वेलाइनीजवळच्या एका खोलीत त्यांचा संसार उभा राहिला. नवरा लवकर गेला. मग चाकणच्या एका कंपनीत, पेंट शॉपमध्ये त्यांना काम लागलं. गाडीच्या ज्या भागाला रंग लागायला नको तिथं कागद चिकटवायचा आणि रंग मारून झाला की सोलून काढायचा. सोललेल्या कागदावर लाल, चंदेरी, मोरपंखी रंगांचे फवारे बसलेले असत. ते कचऱ्यात टाकताना त्यांचा जीव तुटायचा. शेवटी साहेबांना विचारून त्या ते घरी नेऊ लागल्या.

पुराच्या साली वस्तीत शिरलेली नदी त्यांच्या मनातून जात नव्हती. जुन्या चादरी फाडून पट्टे केले आणि त्यांवर कागदाचे तुकडे डकवत त्या नदी काढू लागल्या. खोली एवढीशी. एक पट्टा झाला की गुंडाळून कॉटखाली सारायचा, मग दुसरा पसरायचा. असं कितीतरी वर्षं चाललं.

चिंचवडची एक कलासंस्था दरवर्षी एका चित्रकाराला पुरस्कार देते. सून वर्षालीनं पट्ट्यांचे फोटो तिकडे पाठवले.

"आई, पुरस्कार तुम्हाला मिळालाय!" फोन ठेवत ती ओरडली.

"नीट इचार गं. दुसरी कुणी सुमन आसंल."

समारंभाच्या दिवशी हॉलच्या दारातच सुमनताई थबकल्या. सगळे पट्टे शेजारी शेजारी लावले होते आणि भिंतभर नदी पसरली होती. अर्धी बुडालेली रिक्षा, पत्र्यावर चढवलेली शेळी, दिव्यांच्या उजेडात हलल्यासारखं वाटणारं चंदेरी पाणी. तुकडा न् तुकडा त्यांनीच चिकटवलेला, पण अख्खी नदी त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

"वर्षाली, एवढी मोठी हाय व्हय गं ही?"

मग त्या भिंतीच्या जवळ गेल्या. एका पट्ट्यावरच्या म्हाताऱ्यानं हात वर केला होता. फार नंतर केलेल्या शेजारच्या पट्ट्यावरची बाई छतावरून वाकून हात देत होती. दोन्ही हात आता एकमेकांपाशी पोचले होते.

"हे म्या ठरवलं नव्हतं," त्या पुटपुटल्या.

नाव पुकारलं तेव्हा वर्षालीनं त्यांना धरून स्टेजवर नेलं. चार शब्द बोला, म्हटल्यावर त्या माइकपाशी गेल्या.

"मला बोलाया येत न्हाई. जरा येळ तिकडं बघत बसू का?"

कुणी हसलं नाही. लोकही खुर्च्या वळवून नदीकडं बघत राहिले.

प्रदर्शन महिनाभर होतं. सुट्टीच्या दिवशी सुमनताई डबा घेऊन तिथं जायच्या आणि हॉल बंद होईस्तोवर समोर बसून राहायच्या.