नणंदेचं नाचरं व्याकरण

व्याकरण पायांनी शिकायचं असतं, डोकं त्यात फार घालू नये, असं मनापासून मानणारं माणूस जगात एकच झालं, आणि ते म्हणजे माझी नणंद. पळसदरीच्या पुढे, एका वाडीजवळच्या शाळेत ती लहान मुलांना शिकवायची. तिच्या वर्गात नाम आलं की पाय रोवून उभं राहायचं: डोंगर, आजोबा, म्हैस. क्रियापद आलं की हलायचं. विशेषण चेहऱ्यावर आणि बोटांत दिसायला हवं. 'म्हातारी म्हैस' करताना मुलांच्या पापण्या इतक्या जड व्हायच्या, की बाहेरून जाणारी खरी म्हैस खिडकीशी थबकायची, असं ती सांगे. मी खरी म्हैस तेवढी वजा करून बाकीचं मान्य करीत असे.

हे वेड शाळेपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. तिच्याकडे राहायला गेलं की आपलीही परीक्षा व्हायची. मी जिना चढून "दमले बाई" म्हटलं, की ती चष्म्यावरून पाहून म्हणे, "वहिनी, हे पटत नाही. खांदे कुठे दमलेत तुमचे?" एकदा खोपोलीच्या एस.टी. स्टँडवर तिने मला 'अचानक' करून दाखवलं, तेव्हा शेजारच्या वडापाववाल्याच्या हातातली चटणी सांडली. त्याने काढलेले शब्द सोडून देऊन, त्याचं दचकणं किती निर्मळ होतं, हेच ती घरी येईपर्यंत बोलत राहिली.

एका वर्षी पालकांच्या बैठकीत मात्र गोष्ट गंभीर झाली. मी तेव्हा तिच्याकडेच होते, म्हणून मागे बसले होते. दीपाली नावाच्या मुलीचा बाप उभा राहिला. साजगावच्या कारखान्यांचा माल तो टेंपोतून वाही. बायको आदल्या वर्षी तापाने गेली होती. तो म्हणाला, "बाई, पोरीला लिव्हा-वाचाया धाडतो मी. नाचाया आमच्याकडं हळदी हायेत की!" सगळे हसले, आणि हसता हसता त्याच्या बाजूचे झाले. मुख्याध्यापकांनी तोडगा काढला: बाईंनी आत्ताच तास घेऊन दाखवावा, पालकांना पटला नाही तर उद्यापासून तो बंद.  

नणंदेने खडू उचलला आणि सवयीने, दरवर्षीचं पहिलं वाक्य लिहिलं: 'आई घरी येते.' लिहून झाल्यावर तिचा हात फळ्यावरच राहिला. पण पालकांबरोबर आलेली मुलं उठली होती. एकीची आई डोक्यावर मोळी घेऊन, मान न हलवता गुडघ्यांत वाकून दारातून आत आली. एकाची आई कारखान्यातली पाळी संपवून, झोपेत चालत आली. खऱ्या आया पदरात तोंड लपवून हसत होत्या. "अगं बया, मी अशी चालते व्हय गं?" "मंग!" शेजारची म्हणाली, "त्याहून वाईट चालतेस तू."

दीपालीची पाळी आली. नणंद हळूच म्हणाली, "तू नाही केलंस तरी चालेल हं."

"नाय बाई, मला येतंय," म्हणून ती बाहेर गेली.

आत आली ती डावा पाय किंचित ओढत. एका पायाच्या अंगठ्याने तिने दुसऱ्या पायातली नसलेली चप्पल काढली. कमरेचा पदर सोडून मान पुसली. मग वाकली, आणि समोरच्या, न दिसणाऱ्या कुणा लहान पोरीची हनुवटी दोन बोटांनी वर केली.

मघाची हसणारी बाई आता जमिनीकडे पाहत होती. दीपालीचा बाप टेंपोची किल्ली मुठीत धरून उभा राहिला. तो म्हणाला, "बाई... परत एकदा कराया सांगा की तिला."

एकेक वाक्य मुलांकडून दहादा करून घेणारी माझी नणंद फळा पुसायला वळली. "आज नको, दादा. उद्या धाडा तिला."

त्याने धाडली. तास ती निवृत्त होईपर्यंत चालू राहिला.

आता नणंदही नाही. दुपारी पुस्तक मिटून बसले की कधी कधी ती आमच्याकडे कशी यायची ते आठवतं: आधी छत्री आत, मग आवाज, मग ती. तिच्या पद्धतीने ते उठून करून पाहायला हवं, हे कळतं. दारापर्यंत जाते, आणि परत येऊन बसते.